बेहड्याच्या ढोलीतली रात्र

ऐका रे. पांडू, तो रेडिओ बंद कर आधी. ही माझ्या दाजींची गोष्ट, दौलत खांब्यांची. अर्धी त्यांनी सांगितली, अर्धी मी ह्या डोळ्यांनी बघितली.

तेव्हा खालच्या नाक्यावर पांढऱ्या कोळशाचा कारखाना नवा होता. लाकडाचा भुसा दाबून कांड्या करायच्या आणि बॉयलरला जाळायला द्यायच्या. दाजी तोडीचे मुकादम, मी त्यांच्या हाताखाली कटर मशीन चालवायचो. आधी वाळकी झाडं नेली. मग पडलेली खोडं. मग पालापाचोळासुद्धा झाडून नेला! कुजकं लाकूड गेलं तसे त्यातले किडे गेले. किडे गेले तशी पाखरं गेली. काजवे तर त्या वर्षी दिसलेच नाहीत. आम्हाला कुठं कळत होतं?

चैत्रात तोडीत एक ढोलीचं झाड आलं. आत धनेशाची मादी. ती अंडी घालायला ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, बघितलंय ना तुम्ही? बारीक फट ठेवते, तिथून नर तिला फळं भरवतो. मी म्हणालो, "दाजी, एवढं राहू दे."

"पोकळ झाड आज ना उद्या पडणारच. चालव."

चालवलं. मीच चालवलं, हां.

त्यानंतर आठवड्यानं दाजी वरच्या वाडीत मजूर ठरवायला गेले. निघता निघता अंधार पडला. लोक म्हणाले, "सोबत देतो." हे म्हणाले, "मला कशाला सोबत? माझंच रान आहे." आणि निघाले!

पाऊण तास चालले, आणि एका बुंध्यापाशी आले. ताजा बुंधा, चीक गळतोय. पुन्हा चालले. पुन्हा तोच बुंधा! चकवा, दुसरं काय? अहो, माणूस ओळखीचं झाड धरून वाट काढतो. झाडं ठेवली होती कुठं? जिकडं बघावं तिकडं बुंधे. रातकिडा नाही, घुबड नाही. नुसता आपलाच श्वास.

मग मागून पंख वाजले. भस्स... भस्स... धनेश उडतो ना, तसे. पण रात्रीचा? बॅटरी मारली, काही नाही. आवाज थेट डोक्यावर! दाजी पळत सुटले. आणि पुढून हाक आली. माझ्या बहिणीच्या आवाजात!

"अहो, आत या. बाहेर नका राहू."

समोर जुना बेहडा. बुंध्याशी माणूस मावेल एवढी ढोली. दाजी शिरले आत. शिरले मात्र, ढोलीचं तोंड लिंपलं जायला लागलं! बाहेर कुणी दिसेना. ओली माती थापल्याचा आवाज तेवढा. थप. थप. ढकलून बघितलं, तर दगड! बोटभर फट राहिली. त्या फटीतून एक उंबर आलं, ओठांवर दाबलं. तोंड फिरवावं तर जागा कुठं? गिळलं की दुसरं. ओरडायला तोंड उघडलं की उंबर! रात्रभर.

बहिणीला वाटलं, मुक्कामाला वाडीतच राहिले असतील.

सकाळी मी मशीन घेऊन त्याच बेहड्याशी गेलो. त्या दिवशी तोच पाडायचा होता, दाजींनीच खूण केलेली. खाली माती दिसली. म्हटलं वारूळ असेल. लावलं मशीन. त्या आवाजात दुसरं काय ऐकू येणार? पातं वीतभर आत गेलं. आत माझा माणूस! आणि पेट्रोल संपलं.

सगळं गप्प झालं. इतकं गप्प, की खोडाच्या आत कुणीतरी खोकलं ते ऐकू आलं.

कुऱ्हाडीनं माती फोडली. दाजी गुडघे पोटाशी धरून बसलेले, दाढीला उंबराचा चीक. सदरा पाठीवर पात्यानं फाटलेला, पण कातडीला ओरखडा नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिलाही आतून असंच ऐकू आलं असेल रे."

दाजींनी मुकादमकी सोडली, मी मशीन. पण ते जे कोण माती थापत होतं, ते काही तिथून गेलेलं नाही. वरच्या वाडीला जायचं तर गाडीरस्त्यानं जा. दोन तास जास्त लागू देत. बुंध्यांच्या वाटेला पाऊल टाकायचं नाही, भर दुपारीसुद्धा नाही! आणि चुकून गेलातच, नि घरच्या माणसाच्या आवाजात कुणी आत बोलावलं, तर बाहेरच थांबा. काय वाटेल ते होऊ दे. बाहेरच थांबा.