उचलू का?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान संचालक साहेब, मेट्रनबाई, डॉक्टरमंडळी, समोर बसलेले वॉर्डातले माझे सगळे भाऊबंद, आणि जिच्यासाठी हा घाट घातला ती आमची सत्कारमूर्ती, आमच्या मोठ्या सिस्टर, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी वॉर्डबॉय, मला इथे सगळे मामा म्हणतात. उचलताना माझी जागा रुग्णाच्या पायाशी. माईकपाशी उभं राहायची सवय नाही. साहेब म्हणाले, दोन शब्द बोला. दोनाचे दोनशे झाले तर दोष साहेबांचा.

सिस्टरांच्या निवृत्तीचा हार यायच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला, हे आपण जाणताच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्यांनी आम्हाला माणूस उचलायला शिकवलं, त्यांनाच गेला महिनाभर आम्ही उचलतोय. दैव आंधळं असतं म्हणतात. मला तर ते चांगलंच डोळस वाटतं, नेमकं बघून मारतं.

आज त्या इथूनच घरी जाणार आहेत. त्यांचे चिरंजीव पुढच्या रांगेत बसलेत. गुणी मुलगा आहे, आईची सेवा करायला नोकरीतून रजा काढून आलाय. पण परवा मला म्हणाला, "मामा, तिला काय विचारायचं? तिला कुठे काय कळतंय? काखेत हात घातले, ओढलं, झालं." मी तेव्हा ट्रॉली ढकलत पुढे गेलो. आज माईक माझ्या हातात आहे, म्हणजे त्याला मधे तोडता येणार नाही.

आमच्या वॉर्डाची एक रीत आहे. खाटेवरून ट्रॉलीवर न्यायचं असो की खुर्चीत बसवायचं असो, डोक्याशी उभा असेल त्याने रुग्णाच्या कानाशी वाकायचं आणि विचारायचं, "उचलू का?" मग वाट बघायची. बोलता येत नसेल तर पापणी हलते, बोट हलतं, श्वास बदलतो. काहीतरी येतंच. ते आल्याशिवाय चादरीला कुणी झटका द्यायचा नाही. ही रीत सिस्टरांची. नवे डॉक्टर हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी आमचं हसू जागच्या जागी विरलं. एक गृहस्थ होते, गळ्यात नळी, नजर छताला लागलेली. त्या नळीमुळे माणसाला आवाज काढता येत नाही. चादरीच्या चारही टोकांना आम्ही उभे. सिस्टर वाकल्या, "उचलू का?"

"थांबा."

अगदी स्पष्ट. जरा घोगरा, पुष्कळ दिवसांनी बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा. डॉक्टरांना वाटलं मी बोललो, मला वाटलं डॉक्टर बोलले. दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सिस्टर मात्र शांत. म्हणाल्या, "आवाज कुणाचा ते नंतर शोधा. आधी ब्रेक शोधा."

ट्रॉलीचा ब्रेक दाबलेला होता, पण चाक अडकलेलं नव्हतं. उचललं असतं तर ट्रॉली सरकली असती आणि ते गृहस्थ मधल्या फटीत गेले असते.

पुढे तो आवाज अनेकदा आला. कधी या खाटेवरून, कधी त्या. एकदा बायकांच्या वॉर्डातून आला, आणि तोच घोगरा. मेट्रनबाई मान हलवताहेत, म्हणजे मी थापा मारत नाही. प्रत्येक वेळी काहीतरी चुकलेलं निघायचं. कुणाचा हात कठड्यात अडकलेला, कुठे नळी ताणलेली. आम्ही सरावलो. माणूस कशालाही सरावतो, नाही का?

सिस्टर तर गेलेल्या माणसालाही विचारायच्या. एक म्हातारबाबा गेले, शवागाराची ट्रॉली आली. सिस्टर वाकल्या, विचारलं, आणि सरळ होऊन म्हणाल्या, "नाही म्हणतायत." डॉक्टर वैतागून घड्याळ बघत राहिले. थोड्या वेळाने खांद्यावरची बॅगही न उतरवता बाबांची मुलगी धावत आत आली. तिने हात धरला तेव्हा तो ऊबदार होता. नंतर मी विचारलं, "तुम्हाला काय ऐकू आलं?" तर म्हणाल्या, "तुला नाही आलं?" आणि हात धुवायला निघून गेल्या.

आता खरं दुखणं सांगतो. सिस्टर पडल्यापासून तो आवाज बंद आहे. आम्ही विचारतो, थांबतो, नुसती शांतता. मला भीती वाटते, मंडळी. आमच्यासाठी वाटते, आणि जिला उद्यापासून न विचारता ओढतील त्या माउलीसाठी जास्त वाटते.

म्हणून साहेबांच्या परवानगीने, भाषण अर्धवट ठेवून, एक काम इथेच करू. फोटोसाठी सिस्टरांना या शोभेच्या खुर्चीत बसवलंय, त्यांना चाकाच्या खुर्चीत न्यायचं आहे. चिरंजीव, वर या. लाजू नका. चाकाची खुर्ची त्यांच्या डाव्या अंगाला ठेवलीय, तो हात-पाय चालतो म्हणून. ब्रेक मघाशी मी स्वतः लावलेत. काखेत हात नको, कमरेचा पट्टा धरा. मी पायाशी येतो, माईक असू दे हातात. आता आईच्या कानाशी वाका. विचारा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

हं. आता वाट बघा. कुणीतरी तो पंखा बंद करा...

...

ऐकलंत?

मी बोललो नाही. पहिल्या रांगेने माझं तोंड पाहिलंय. सिस्टरांचेही ओठ हलले नाहीत. बाळा, पट्टा सोडू नकोस. आवाज कुणाचा ते नंतर. आधी ब्रेक बघ.

डावा सुटलाय ना?

एका हाताने लाव. ओढून बघ. आता पुन्हा विचार... बघ, डाव्या हाताचं बोट हललं. हे मात्र तुझ्या आईचं उत्तर. चला, एक, दोन, तीन. बसल्या. पाय नीट ठेव त्यांचे. रडतोस काय वेड्या, छान उचललंस.

मंडळी, टाळ्या नंतर वाजवा. अध्यक्षांचे, साहेबांचे, मंडप घालणाऱ्यांचे आभार. ज्यांचं नाव पत्रिकेत नाही आणि ज्यांनी आत्ता आम्हाला थांबवलं, त्यांचेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या.

आणि चिरंजीव, घरी गेल्यावर घाबरू नका. मला आज कळलं, ते थांबवणारे आमच्या वॉर्डाचे कधी नव्हतेच, सिस्टरांचे होते. ते आता तुमच्याबरोबर येतील. आमचे ब्रेक आम्ही बघू.