फितीचा ताण

आदरणीय अध्यक्ष महोदय, माननीय प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. ललिता गायधनी मॅडम आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

विभागप्रमुख या नात्यानं मॅडमबद्दल चार शब्द बोलायला उभा आहे. खरं सांगू? सकाळपासून त्यांच्या सत्काराचे हार पाहतोय आणि पोटात दुखतंय. हसा, पण हे दुखणं बावीस वर्षांचं आहे.

त्या वर्षी मानववंशशास्त्र विभागानं मुलांच्या डोक्याचे घेर मोजले. निम्मी मुलं नाशिक शहरातली, निम्मी द्राक्षबागेत मजुरीला आलेल्या सुरगाण्याच्या आदिवासी कुटुंबांतली. फीत माझ्या हातात. मजुरांच्या मुलांचे घेर जवळजवळ एक सेंटिमीटरनं कमी भरले. मी खूश! मला वाटत होतं तेच निघालं होतं. कुपोषणावरच्या शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

तेवढ्यात चांगुणाबाई नावाची एक आई पुढं आली. म्हणाली, "सर, माझ्या पोरीला फीत आवळून लावता, आन् त्या शहरातल्या पोरीला सैल. असं का?"

मी म्हणालो, "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

मॅडम तेव्हा विभागात माझ्या सहकारी. त्यांनी मात्र ऐकलं. दुसऱ्या दिवशी कोण कुठलं ते मला ओळखू येऊ नये, म्हणून सगळ्या मुलांना सरमिसळ करून पाठमोरं बसवलं. एकसारख्या पातळ टोप्या, खांद्यावर एकसारख्या चादरी, बोलायला बंदी. मला म्हणाल्या, "आता मोजा." तीच मुलं, तीच फीत, तोच माझा हात. फरक उरला नाही म्हटलं तरी चालेल.

"पहिली आकडेवारी फाडून टाका," मी विनवलं.

"नाही सर. दोन्ही छापू. चूक कशी होते, तेच तर यात दिसतंय."

त्यांचा निबंध गाजला. त्यात मोजणारा म्हणून माझं नाव होतं. आणि मी काय केलं? विभागप्रमुख नेमायची वेळ आली, तेव्हा समितीसमोर सांगितलं, 'बाईंचं क्षेत्रकाम भरवशाचं नाही.' पद मला मिळालं. सभाजनहो, ते वाक्य धादांत खोटं होतं. आज पहिल्यांदाच हे मोठ्यानं बोलतोय. तसं लेखी पत्र सकाळीच प्राचार्यांकडे दिलंय.

मत्सर गेला का? नाही. मघाशी त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, तेव्हाही मनात म्हटलं, जरा जास्तच वाजल्या.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. केलं त्याबद्दलची क्षमा मात्र सभेकडं मागत नाही. ती मॅडमनी करावी, किंवा करू नये.