सोमवारचा फोन

जबाब देणार: बँकेत अधिकारी, वय ४६, शिक्षण पदवीपर्यंत, बँकेच्या मागच्या गल्लीत राहणार, एकटी.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते ती हकिकत अशी. वयस्कर खातेदारांनी शाखा बंद झाल्यावर पाठवलेले पैसे आमच्या शाखेतून लगेच जात नाहीत. त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून असे व्यवहार रोखून ठेवतात आणि कामाच्या दिवशी फोनवर खात्री करूनच सोडतात. ते फोन मी करते.

मयत इसम निवृत्त घड्याळजी होते. दर शुक्रवारी शाखा बंद झाल्यावर ते थोडी रक्कम दुसऱ्या बँकेतल्या स्वतःच्याच खात्यात पाठवत. आठवड्यात केव्हातरी तीच रक्कम ते आमच्याकडच्या खात्यात परत आणत. सोमवारी मी नियमाचा प्रश्न विचारी, "व्यवहार तुम्हीच केलात ना?" ते म्हणत, "दुसरं कोण करणार? घरात दुसरं माणूस असतं तर तुम्हाला कशाला विचारावं लागलं असतं?"

एकदा मी म्हटले, "काका, दिवसा पाठवलेत तर लगेच पोचतील. माझ्या फोनची वाट बघायला नको." त्यावर ते म्हणाले, "पोचायची घाई कुणाला आहे, बाई?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. फोन उशिरा केला तर म्हणत, "आज पैसे दारातच ताटकळले."

आज सकाळी तीनदा फोन केला. उचलला नाही. अशा वेळी व्यवहार परत पाठवून मोकळे व्हायचे, असा नियम आहे. मी परत पाठवला नाही. जेवणाच्या सुट्टीत खात्यावरच्या पत्त्यावर गेले. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "शनिवारपासून दिसले नाहीत. गेले असतील कुणाकडे." कुणाकडे, ते त्याला सांगता आले नाही. दारात उभी राहून मी पुन्हा फोन लावला. तो आत वाजत होता. तो थांबल्यावर मी पोलीस ठाण्याला कळवले.

हवालदारांनी मला विचारले, "बाई, बँक घरी कधीपासून यायला लागली?" दार उघडल्यावर मयत खिडकीजवळच्या खुर्चीत होते. फोन हाताशी, चार्जिंगला लावलेला होता. मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. आवाजावरून मला ते उंच वाटले होते. तसे नव्हते.

शुक्रवारचा व्यवहार अजून माझ्याकडे प्रलंबित आहे. खातेदाराची खात्री न झाल्याने आज शाखा बंद होण्यापूर्वी तो मला परत पाठवावा लागेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. 'मयताशी नाते' यापुढे 'काही नाही' असे लिहिले आहे. तेही बरोबर आहे.