मामानं ऐकलेला माझा पेपर

माझे पेपर कोण वाचतं, असं तुम्ही नेहमी विचारता ना? मग माढ्याच्या मामाचं ऐका.

मी तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करते. मामा आमच्या भवानी पेठेतल्या घरी आला होता. बोलता बोलता जोरात हसला, आणि मला त्याच्या गालात आतून पांढरा डाग दिसला.

"मामा, उद्या दवाखान्यात जायचं."

"कशाला? दुखत तर न्हाय की."

"अरे, यावर माझे पेपर आहेत. परदेशातले डॉक्टर त्यांचे दाखले देतात!"

"देऊ देत की. मला कुटं दावलास?"

मी चिडून लॅपटॉप उघडला आणि ताजा पेपर मराठीत सांगत वाचायला लागले. तिसऱ्या पानावर मामानं हात जोडले. "बास गं बाई! येतो दवाखान्यात, पर ह्ये थांबीव."

डागाचा छोटा तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. छोट्या ऑपरेशनवर भागलं.

वॉर्डात शेजारच्या पेशंटला मामा सांगत होता, "माजी भाची लई मोठी शास्त्रज्ञ हाय."

"कसला शोध लावला?"

"त्ये काय मला कळत न्हाय. पर माजा डाग तिनंच शोदला."