पालकाची सही

यास्मीन मॅडम : हे काय लिहिलंस, रेवती? ‘माय फादर हार्डली वर्क्स.’ बापाची सगळी मेहनत मातीत घातलीस की!

रेवती : काहून मॅडम? लई काम करते असंच लिवलं ना.

यास्मीन मॅडम : त्याला नुसतं ‘हार्ड’. ‘हार्डली’ म्हणजे काम जवळजवळ करतच नाही. बरं, ‘लेट’ म्हणजे उशिरा. अन् ‘लेटली’?

रेवती : हल्ली. ती वाक्यं बराबर हायत बघा. तुमी म्हनला तशी समदी घरातली, खरीखुरी लिवली.

यास्मीन मॅडम : बघू. ‘त्या मंगळवारी संतोषकाका उशिरा आला.’ लेट, बरोबर. ‘हल्ली काका होडी स्वतःच धुतो.’ लेटली, शाब्बास. आता ‘निअर’. ‘ग्यानबाची बॅटरी काकाच्या खाटेजवळ आहे.’ कोण गं हा ग्यानबा?

रेवती : धरणावरचा राखणदार.

यास्मीन मॅडम : सापडत नाही, तोच?

रेवती : व्हय. त्या मंगळवारपासूनच. पोलीस इचारत फिरून राहिले.

यास्मीन मॅडम : बॅटरी त्याचीच कशावरून?

रेवती : मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली हाय. मीच गुंडाळून दिलती. हातातून निसटायची त्याच्या.

यास्मीन मॅडम : काकाचं अन् त्याचं काही भांडण होतं?

रेवती : मासे धरायची बंदी असली की ग्यानबाआबा जाळं टाकू देत नव्हता. काका लई चिडायचा.

यास्मीन मॅडम : हे तू कोणाला बोललीस?

रेवती : न्हाई. ‘निअर’चं वाक्य सुचत नव्हतं, तवा आठवलं.

यास्मीन मॅडम : वही कोणी बघितली?

रेवती : बाबांनी. सही हाय की खाली.

यास्मीन मॅडम : उद्धवभाऊंना इंग्रजी कुठं येतं?

रेवती : न्हाई येत. पर बाबा न वाचता सही करत न्हाईत. मागं एका कागदावर अशीच केली अन् कालव्याच्या पाण्याची आमची पाळी गेली. तवापासून आधी वाचून घेतेत.

यास्मीन मॅडम : कोणाकडून?

रेवती : काकाकडून. पुण्याला ऱ्हाऊन आलाय ना तो. एकेक ओळ मराठीत सांगितली त्यानं काल.

यास्मीन मॅडम : ही बॅटरीची ओळसुद्धा?

रेवती : न्हाई. तेवढी सोडली. म्हनला, बाकी समदं बराबर हाय, दादा, कर सही. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कधी फिरवत न्हाई.

यास्मीन मॅडम : या अल्ला! माझीच अक्कल गेली होती. खरं लिहा म्हणे, घरी दाखवा म्हणे! ऐक रेवती, आतल्या खोलीत जा, कडी लाव. मी हाक मारल्याशिवाय उघडू नकोस.

रेवती : काय झालं मॅडम? मला भ्या वाटून राहिलं.

यास्मीन मॅडम : मलाही वाटतंय. जा लवकर. मी फोन करते.

(अंगणात मोटारसायकल थांबते.)

संतोष : मॅडम, आमची रेवती हाय का? दादाला काम निघालं. मी आलो न्यायला.

यास्मीन मॅडम : तिला... तिला आज उशीर होईल, संतोषभाऊ. परीक्षा आली ना. तुम्ही जा, मी स्वतः आणून सोडते.

संतोष : होऊ द्या की उशीर. मी बसतो पायरीवर. आज मला दुसरं काईच काम न्हाई.