फाटकापासून रस्त्यापर्यंत

(वळणावरचं घर. अंगणात जुनी मोटार, तिची पाठ फाटकाकडे. सून स्टिअरिंगवर; एका डोळ्यावर पट्टी बांधलेली आई मागच्या सीटवर. फौजी फाटकाबाहेर, रस्त्यावर उभा.)

आई : …म्हणून म्हणते सूनबाई, बंद कर ते इंजिन आणि मान जरा इकडे वळव. अशी जवळ ये. एक गोष्ट सांगते. तुझा रागही निवेल आणि पेट्रोलही वाचेल.

सून : आई, मागच्या खेपेलाही तुम्ही गोष्टच सांगितलीत. ती संपेपर्यंत डोळ्यांचे डॉक्टर घरी जेवायला निघून गेले.

आई : लांबली खरी. मध्ये गायले ना मी.

सून : दोनदा गायलात. अहो, येऊ का?

फौजी : थांब.

सून : आता काय?

फौजी : टेम्पो आहे.

सून : तो लाँड्रीवाल्याचा टेम्पो. परवापासून तिथेच आहे. त्याला पुढचं चाक नाही.

फौजी : चाक नसलेला टेम्पो वळणावर कोण उभा करतं?

सून : ज्याचं चाक पंक्चरवाल्याकडे आहे तो करतो. येऊ का?

फौजी : थांब म्हटलं ना.

सून : ऐकलंत आई? थांब. फौजेतून घरी आल्यापासून या माणसाच्या तोंडी एवढा एकच शब्द. दूध उतू चाललंय, थांब. दारात पोस्टमन, थांब. पोरीची शाळा रस्त्यापलीकडे, तर रोज दप्तर पाठीवर घेऊन ती बिचारी याच फाटकाशी उभी. शेवटी मामाकडे नेऊन ठेवावी लागली तिला. काल फोनवर विचारत होती, आई, बाबांनी अजून सोडलं नाही का तुला.

आई : सोडेल गं. कुठे जातोय.

सून : ते कुठे जात नाहीत हेच तर दुखणं आहे. आज ऑपरेशन हुकलं तर त्या डोळ्याची आशा सोडा म्हणालेत डॉक्टर. तुम्हाला काहीच वाटत नाही?

आई : वाटतं तर. पण मी ओरडले की तो आणखी चार पावलं पुढे जाऊन बघतो. म्हणून मी गोष्ट सांगते.

सून : अहो, एक करा. तुम्ही चालवा, मी उभी राहते रस्त्यावर.

फौजी : तू रस्त्यावर उभी राहायचं नाही.

सून : मग समोरच्या शिंप्याला हाक मारते.

फौजी : त्याला काय कळतं?

सून : त्याला कळत नाही, आणि तुम्हाला इतकं कळतं की गाडी अंगणातच म्हातारी होणार. मागे रिक्षा बोलावली, तर तिच्याखाली आडवे होऊन बघत बसलात. रिक्षावाला भाडं न घेता पळाला. त्याच्या जन्मात पहिल्यांदा झालं असेल ते.

आई : तो अजून माझी चौकशी करतो हो. म्हणतो, आजी, तुमच्याकडे सगळं ठीक ना. लांबूनच विचारतो.

सून : हसू नका आई. मी खरंच सांगते, दोघांनाही सांगते. आज ही गाडी बाहेर पडली नाही, तर मी मागच्या दाराने चालत निघेन. माझ्या भावाकडे. पोरगी तिथे आहेच. आईंनाही हाताला धरून नेईन. इथे तुम्ही आणि तुमचा टेम्पो सुखाने राहा.

फौजी : मागच्या दाराने नको. तिकडे गवत वाढलंय.

सून : देवा रे.

आई : झालं तुझं बोलून? आता माझं ऐक. एक होता राजा. त्याचा एक पहारेकरी, मोठा चोख. आणि राजाचा एक सारथी होता. ताडासारखा उंच. सगळे त्याला लंब्या म्हणायचे.

सून : लंब्या? हे नाव तर हे झोपेत घेतात.

आई : मध्ये बोलू नकोस. तर लंब्याच्या रथाला पांढरेशुभ्र घोडे…

फौजी : रथ नव्हता.

आई : कोण बोललं?

फौजी : ट्रक होता, आई. रेशनचा. आणि पांढरा कुठला, चिखलाने माखलेला.

आई : असेल बाबा. मला एका डोळ्याने नीट दिसत नाही. तर लंब्या मोठा पुण्यवान. सदा मुखी देवाचं नाव…

फौजी : शिव्या असायच्या त्याच्या मुखी. सकाळी डोळा उघडल्यापासून. ओले मोजे काचेपाशी वाळत घालायचा, त्या वासाने कोणी शेजारी बसायचं नाही. मी बसायचो.

आई : बघ, मला हे ठाऊकच नव्हतं. तर एके दिवशी वाटेत पूल आला. पहारेकरी पुढे उतरला, वाट बघायला. ऊन होतं, जीव दमलेला. उभ्या उभ्या त्याला लागली डुलकी…

फौजी : नव्हती लागली.

आई : लागली असेल रे. माणूसच तो.

फौजी : झोपलो नव्हतो मी. आई, मी झोपलो नव्हतो. पूल चालून आलो होतो. पलीकडचा चढ बघितला, दोन्ही कडेच्या झुडपांत बघितलं. तेव्हा त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, येऊ का? आणि मी म्हटलं, ये, मोकळा आहे रस्ता.

सून : अहो…

फौजी : हातही केला. असा. हसत केला. त्याने दोनदा हॉर्न दिला, नेहमी द्यायचा तसा. पुलाच्या तोंडाशी सुरुंग पुरलेला होता. माझा पाय हलका होता, ट्रक जड.

सून : आणि मी रोज तेच विचारते. येऊ का, येऊ का म्हणून.

फौजी : तुला कुठे माहीत होतं.

सून : सांगितलंत कधी? लग्नाच्या बायकोला टेम्पोचं सांगता, गवताचं सांगता, आणि हे नाही. मी आपली तुमच्या अंगावर ओरडत बसले.

फौजी : सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुमची चूक नाही. सगळे तेच म्हणाले. साहेब, डॉक्टर, त्याचा भाऊसुद्धा. मला नको होतं ते तुझ्याकडून.

सून : मी नव्हते म्हणणार.

फौजी : काय म्हणाली असतीस मग?

सून : ते मला आत्ता सुचत नाही, आणि डॉक्टर थांबणार नाहीत. आई, पट्टीला हात लावू नका. रडायचंही नाही आज, तो डोळा चालत नाही रडलेला.

आई : मी कुठे रडते. दुसरा डोळा रडतोय, त्याला परवानगी आहे.

सून : अहो, ऐका. येऊ का हे मी आता विचारत नाही. कधीच विचारणार नाही. तुम्ही मोकळा आहे म्हणूही नका.

फौजी : मग?

सून : दिसतं काय, तेवढं सांगा. बाकी माझं मी ठरवेन. गाडी माझ्या हातात आहे.

फौजी : तू ठरवणार?

सून : हो. भलं झालं तरी माझं, बुरं झालं तरी माझं. तुमच्या नावावर काही लावणार नाही. बोला.

फौजी : …डावीकडे टेम्पो. उभा. चाक नाही.

सून : कळलं. पुढे?

फौजी : टेम्पोमागे मांजर. निजलेलं. उजवीकडे एक सायकलवाला येतोय. गेला. चढावर कोणी नाही. वळणापलीकडचं मला दिसत नाही.

सून : तिकडून आलं तर हॉर्न देईल ना?

फौजी : शहाणा असेल तर देईल.

सून : आणि रस्त्याखालचं?

फौजी : ते कोणालाच दिसत नाही.

सून : बरं. मग मी निघते. मी ठरवलंय. तुम्ही तिथेच उभे राहा आणि दिसेल ते बोलत राहा. थांबू नका बोलायचे.

फौजी : मागचं चाक फाटकात. डावीकडे हातभर जागा. मांजर उठलं. मांजर गेलं. उजवीकडे कोणी नाही. शिंपी दारात आला, बघतोय. पुढचं चाक निघालं. टेम्पोला लागत नाही. लागत नाही. सरळ कर.

आई : आलो का बाहेर?

सून : आलो, आई.

आई : गोष्ट अर्धीच राहिली माझी.

सून : परतताना पुरी करा. गायलात तरी चालेल. अहो, फाटक लावून या आणि पुढे बसा. पट्टा लावा. आणि दार जरा हळू ओढा, तुटायला आलंय. घरात एकट्या माझ्याच्याने काय काय दुरुस्त होणार?

फौजी : आलो. आई…

आई : बोल रे.

फौजी : आत नेतील तेव्हा तू देवाचं नाव घेशील ना मनात?

आई : घेणारच. दुसरं येतं काय मला?

फौजी : त्याच्यामागून लंब्याचंही घे. देवाला नुसतं लंब्या म्हटलं तरी कळेल.