आला की हात दाबंन

(कर्जतचा एसटी स्टँड. तीनचा खेळ नुकताच सुटलाय. बाकावर इंदूबाई, तिची सासू सोनुबाई आणि धाकटा दीर मोरू.)

मोरू : मधलं एखादं रीळ राहिलं असंल, वैनी. म्हनून मी मशीनवाल्याला इचारून आलो.

इंदूबाई : काय म्हनला?

मोरू : समदी रिळं लावली म्हनतो.

इंदूबाई : मग झालं तर. सोडा आता, भावजी.

सोनुबाई : इंदे, पानी दे गं जरा.

इंदूबाई : घ्या, आत्या. आठ दिस तो टेंपो कशेळ्यात बोंबलत व्हता, हसून हसून पोट दुखंल म्हनून. कुनाचं दुखलं? दोन गांजेकस चिलीम फुकतात, पडतात, उठतात, परत फुकतात. ह्याला काय शिनेमा म्हनायचं?

मोरू : मला बी कुठं हसू आलं? एकदाच आलं, तो हिरो झुरका मारून खोकत खोकत बाजेवरनं पडतो तवा. तवा मातर समदं थेटर हसलं.

इंदूबाई : मी हसायला आलेच नव्हते. त्यांना बघायला आले व्हते.

मोरू : मला काय ठावं, दादाला शिनेमातनं कापून टाकतील म्हनून? कळंबला शूटिंग झालं तवा दिसभर बसवून ठेवला व्हता त्याला. चिलमीला फडकं कसं गुंडाळायचं, झुरका कसा घ्यायचा, समदं हिरोला दादानंच शिकवलं. सायेब बोलला, पदू, तू पडद्यावर दिसनार. मी गावभर सांगत सुटलो.

इंदूबाई : आनि मी त्या दिशी भांडले त्यांच्याशी. भाताची आवणी खोळंबलीय नि तुमी चिलीम दाखवायला निघालात, म्हनले. दोन वर्सं झाली आता त्यांना जाऊन. चेहरा आठवाया बसले तर नाक येतं, डोळं येत नाय. घरात एक फोटो नाय.

सोनुबाई : मीच काढू दिला नाय गं. फोटो काढला की आयुक्श घटतं म्हनून जत्रेतनं हाताला धरून मागं आनला त्याला. आनि आयुक्श तर घटलंच.

इंदूबाई : तुमाला कशाला बोल लावू? तुमाला तर दिसत बी नाय, तरी आलात.

सोनुबाई : तू म्हनलीस ना, आला की हात दाबंन. तुज्या मांडीवर हात ठेवून बसले मी शेवटपातुर.

इंदूबाई : कसा दाबनार, आत्या? आलेच नाय ते. उलट तुमीच माझा दाबलात मधी. मला वाटलं घाबरलात.

सोनुबाई : घाबरंन कशाला? पदू आला व्हता की.

मोरू : काय बोलतेस, आये? कुठं आला?

सोनुबाई : तुमी समदे हसलात ना, तवा. तो खोकला त्या हिरोचा न्हवं, माझ्या पदूचा. पयला मोठा, मग दोन बारके, नि शेवटाला 'आई गं'. किती वर्सं कुडापलीकडनं ऐकलाय मी. त्याच खोकल्यानं नेला त्याला.

मोरू : थांब, थांब. त्या दिशी एका मानसानं दादाच्या तोंडाशी माईकचा दांडा धरला व्हता. चार येळा खोकायला लावलं त्याला. मी म्हनलो, खोकल्याचं काय करनार हे? ... आये, मी हसलो गं त्याला.

सोनुबाई : हसलास तर हसलास. हसवायलाच नेला व्हता त्याला.

इंदूबाई : मी नुसती तोंडं बघत बसले. कान दिलाच नाय.

मोरू : वैनी, कशेळ्याची गाडी लागली. शेवटची हाय, चला.

इंदूबाई : जाऊ दे ती. चालत जाऊ. भावजी, सहाच्या खेळाची तिकिटं काढा. आत्या, आता तुमी हात दाबा. मी डोळं मिटून बसते.